गावातली शेड, पुण्यातले कामगार खाते

या पानावर आपली गाठ एरवी भाताचा करपा, खताची मात्रा नाहीतर पीकविमा यांच्या निमित्ताने पडते. आजचा विषय कामगार खात्याचा आहे. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली, भरे, घोटावडे, लवळे या पट्ट्यातली किती घरे आता नुसत्या इंद्रायणी भातावर चालतात, हे ज्याचे त्याने मोजावे. सात-बारावर आपण शेतकरी आहोत, पण महिन्याचा किराणा येतो तो पॅकिंगला जाणाऱ्या सुनेच्या नाहीतर प्रेस मशीनवर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या पगारातून. लावणीला बाया मिळत नाहीत अशी आपली दरवर्षीची ओरड असते. त्या बाया कुठं गेल्या, हे सकाळी आठ वाजता पौड रस्त्यावर उभे राहिले की कळते.

मुळशीच्या माणसाला मजुरी नवी नाही. टाटांच्या धरणासाठी जमिनी गेल्या, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. त्या काळापासून मावळ-मुळशीचा माणूस मुंबईला हमालीला, गिरणीत आणि डबे पोचवायला जात आला. आता मजुरीला मुंबई गाठावी लागत नाही, मजुरीच गावात आली आहे. मात्र मुंबईच्या गिरणीच्या दाराशी युनियन होती, फॅक्टरी इन्स्पेक्टरची जीप अधूनमधून येत होती. आपल्या गावातल्या पत्र्याच्या शेडच्या दाराशी कोण येते, हा आजचा प्रश्न आहे.

उरवड्याची दुपार

७ जून २०२१, सोमवार. उरवडे येथील एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कंपनीत दुपारी आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात ते क्लोरीन डायऑक्साइड तिथे तयार होत असे. १७ कामगार गेले. त्यांत १५ स्त्रिया होत्या. आत अडकलेल्यांपर्यंत पोचण्यासाठी जेसीबीने भिंत फोडावी लागली. मृतदेहांची ओळख पटेना म्हणून डीएनए तपासणी करावी लागली. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. मालकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊन अटक झाली आणि प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली.

पुढे अडीच वर्षांनी, ८ डिसेंबर २०२३ रोजी, पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे केकवर लावायच्या फुलझडीसारख्या मेणबत्त्या करणाऱ्या जागेत आग लागली. पहिल्याच दिवशी ६ स्त्रियांचा मृत्यू झाला. जागा वेगळी, माल वेगळा. पण दोन्ही ठिकाणी हाताने करायच्या कामावर बायाच जास्त होत्या, आणि जवळच पेट घेणारा माल होता.

अशा वेळी मंत्री येतात, मदत जाहीर होते, फोटो छापून येतात. त्या मदतीला सानुग्रह म्हणतात, म्हणजे सरकारच्या मर्जीने दिलेली. कायद्याने मिळणारी भरपाई हा निराळा पैसा असतो आणि तो मालकाकडून नाहीतर विम्यातून यायचा असतो. पुष्कळ कुटुंबे सानुग्रह रक्कम घेऊन थांबतात, कारण दुसरा पैसा असतो हेच कुणी सांगत नाही.

हिशेब सरळ आहे. समजा ३५ वर्षांची बाई महिना १२,००० रुपयांवर कामाला होती आणि कामावर असताना ती गेली. मासिक वेतनाचा निम्मा भाग घ्यायचा, म्हणजे ६,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. ३५ वर्षांसाठी तो आकडा १९७.०६ आहे. गुणाकार येतो ११,८२,३६० रुपये. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा, त्यातले हे कोष्टक नव्या संहितेतही घेतले आहे. बाईचा राज्य विमा, म्हणजे ईएसआय भरलेला असेल तर ही एकरकमी भरपाई मिळत नाही. त्याऐवजी अवलंबितांना तिच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के हिशेबाने दरमहा रक्कम वाटून मिळते. शिवाय भविष्यनिर्वाह निधीत नाव असेल तर त्याला जोडलेल्या विम्यातून वारसांना जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. तिथे मृत्यू कामावरच झालेला असावा अशी अट नाही.

आता खरी अडचण कुठं येते ते बघा. हे सगळे मिळण्यासाठी ती बाई त्या शेडमध्ये कामाला होती, हे आधी सिद्ध व्हावे लागते. मोठ्या दुर्घटनेत ते सगळ्या तालुक्याला माहीत असते. पण एकट्यादुकट्या अपघातात कुणाला माहीत असते? माझ्या माहितीतल्या एका गावात प्रेस मशीनखाली एका मुलाची तीन बोटे गेली. त्याला कामावर नेणाऱ्या ठेकेदाराने धावपळ केली, खासगी दवाखान्याचे बिलही भरले. सगळ्यांना वाटले, चांगला माणूस आहे. नंतर दवाखान्याचा कागद पाहिला तर त्यात लिहिले होते, घरी कडबा कुट्टीत हात सापडला. हजेरीपटावर मुलाचे नाव नव्हते, पगार रोखीने पाकिटात मिळत होता, ईएसआयचा पत्ता नव्हता. त्या घरात कडबा कुट्टी यंत्रच नाही. दोन म्हशी होत्या, त्या कधीच विकल्या.

म्हणून अपघात झाला की दवाखान्यात पहिले वाक्य खरे सांगायचे: अमुक कंपनीत, अमुक मशीनवर, कामावर असताना. पोलिसांकडे नोंद जाऊ द्यायची. दवाखान्याचे बिल भरणाऱ्याचे उपकार जरूर माना, पण त्याच्या सांगण्यावरून खोटे कारण लिहून घेऊ नका.

कुठल्या दारात जायचे

कामगार खाते म्हणजे एक कचेरी नव्हे, आणि गावच्या माणसाची पहिली चक्कर इथेच वाया जाते. पगार, किमान वेतन, बोनस, जादा तासांचे पैसे, ठेकेदाराची बाकी, कामावरून काढणे हे विषय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे असतात. यंत्र, रसायन, आगीची वाट, कारखान्याचा परवाना हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. आपले लोक ज्याला अजून फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणतात तो या संचालनालयाचा. दोन्ही राज्याच्या कामगार विभागाखाली, पण कचेऱ्या वेगळ्या. ईएसआय आणि पीएफ ही केंद्राची कामे, त्यांची दारे तिसरी आणि चौथी. नोकरीसाठी नाव नोंदवायचे सेवायोजन कार्यालय तर आता कौशल्य विकास विभागाकडे आहे. पौडला पंचायत समिती आणि तहसील कचेरी एका फेरीत होतात. या कामाला पुणे गाठावे लागते, आणि एक खाडा म्हणजे एका दिवसाचा रोज.

त्यात कायदेही बदलले आहेत. २९ जुने केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या. सगळे नियम नव्याने होईपर्यंत जुन्या नियमांचा संबंधित भाग चालू राहील असे तेव्हा सांगण्यात आले. या संहितांविषयी पेपरात दोन टोकांची मते वाचायला मिळतात. आपल्या कामाचे त्यांत काय आहे तेवढेच इथे पाहू.

चांगली गोष्ट आधी सांगतो. १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचे आहे. आधीपासून कामावर असलेल्यांनाही अंमल सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचे होते. तुमच्या घरातल्या माणसाकडे असे पत्र आहे का, हे आज संध्याकाळी विचारा. किमान वेतन पूर्वी फक्त यादीतल्या उद्योगांना लागू होते, आता ते सर्व कामगारांना लागू झाले. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, जादा तासांना दुप्पट दर. थकलेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांचीच मुदत होती आणि तेवढ्यात माणूस विचार करेपर्यंत दिवस निघून जात. घरून कामावर जाताना-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, भरपाईत धरला जातो. कंपनीच्या टेम्पोतून नाहीतर दुचाकीवरून घाटरस्त्याने जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे मोलाचे आहे.

दुसरी बाजूही आहे. विजेवर चालणारी जागा कारखाना केव्हा ठरते, तर २० कामगार असतील तेव्हा. १९४८ च्या मूळ कायद्यात हा आकडा १० होता. म्हणजे पंधरा बायांच्या शेडला कारखान्याचे नियम लागत नाहीत. धोकादायक कामाच्या जागांना, एकच कामगार असला तरी, नियम लावण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. तो कितपत वापरला जातो, हे पाहावे लागेल. अर्थात उरवड्याला त्या दिवशी पस्तीसच्या वर माणसे कामावर होती. तेव्हा सगळा दोष आकड्याच्या व्याख्येवर टाकून चालणार नाही. जिथे कायदा पूर्ण लागू होतो तिथेही तो दारात पोचतो का, हे पाहिले पाहिजे.

संगणकाची सोडत

कारखानदार वर्षानुवर्षे इन्स्पेक्टर राजबद्दल बोलत आले, आणि त्यात तथ्य होते. तपासनीस यायचा, रंग उडाल्याबद्दल शेरा मारायचा, दिवाळीत पाकीट घेऊन जायचा. छोट्या उद्योजकाला हा जाच होता आणि कामगाराचा त्यात काही फायदाही नव्हता. त्यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये राज्याने स्वयंप्रमाणनाची योजना आणली. मालकानेच लिहून द्यायचे की मी सगळे कायदे पाळतो. नव्या संहितांमध्ये तपासनिसाच्या पदनामालाच मार्गदर्शक असे शेपूट जोडले आहे. कुठे तपासणीला जायचे हे तो ठरवत नाही, संगणक सोडत काढतो.

पाकीटबंदीसाठी हे बरे आहे. पण संगणक सोडत काढणार ती त्याच्याकडे असलेल्या नावांतून. ज्या शेडची नोंदच झालेली नाही तिची चिठ्ठी डब्यात पडतच नाही. हे फक्त खेड्यातच होते असेही नाही. पुण्यात एका जगप्रसिद्ध हिशेब-सल्लागार कंपनीचे कार्यालय २००७ पासून चालू होते आणि दुकाने-आस्थापना कायद्याखाली त्याची नोंदणीच नव्हती, हे २०२४ मध्ये लोकांसमोर आले, तेही एका तरुण कर्मचारी मुलीच्या मृत्यूनंतर देशभर चर्चा झाली तेव्हा. शहराच्या मध्यात, काचेच्या इमारतीत सतरा वर्षे ही स्थिती, तर डोंगराच्या कुशीतल्या पत्र्याच्या शेडचे काय सांगावे!

मात्र आपल्या प्रत्येक गावात एक वही अशी आहे की जिच्यात ती शेड असतेच. ग्रामपंचायतीचा नमुना ८, कर आकारणीची नोंदवही. शेड उभी राहिली की तिला घरपट्टी लागते. मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, बांधकामाचे माप, सगळे त्यात येते. पुण्याच्या कामगार खात्याला जी शेड दिसत नाही, ती आपल्या ग्रामसेवकाच्या कपाटात दिसते. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे असे २०२४ पासून ठरले आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) या नोंदीची यादी करून, कुठे कसले काम चालते आणि अंदाजे किती माणसे आहेत एवढे लिहून, ग्रामपंचायतीने ती सुरक्षा संचालनालयाला आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला पाठवली, तर त्यांना डोळे मिळतील. यासाठी नवा कायदा नको, टपालखर्च तेवढा लागेल.

सरपंच मंडळींना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने आपल्याकडे कोणते घातक पदार्थ आहेत, त्यांपासून काय धोका आहे आणि काय खबरदारी घ्यायची, ही माहिती कामगारांना तर द्यायचीच, पण स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची, असे त्यात आले. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. स्थानिक संस्था म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायत. पिंपे कसली उतरतात, हे विचारणे म्हणजे उद्योगाला आडकाठी करणे नव्हे. आपण फवारणीच्या औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण आहे की निळा, हे पाहून औषध घेतो. शेजारच्या शेडमध्ये शेकडो लिटर काय साठवले आहे, हे विचारायला मात्र संकोचतो.

तक्रार केली तर नोकरी जाईल ही भीती खरी आहे, खोटे कशाला बोला. म्हणून तक्रारदाराचे नाव तपासनिसाने गुप्त ठेवायचे, असे कायद्यातच १९८७ मध्ये घातले गेले. कामगार तपासणीविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९४९ मध्येच मान्यता दिली, त्यातही हीच गोष्ट आहे, शिवाय पूर्वसूचनेशिवाय केव्हाही आत जाण्याचा तपासनिसाचा अधिकारही आहे. तरी बाईच्या एकटीच्या अर्जापेक्षा ग्रामपंचायतीच्या पत्राचे वजन निराळे असते आणि त्यात कुणाची नोकरी जात नाही.

आगीतून खाते कसे घडते, याचे एक उदाहरण बाहेरच्या जगातले आहे, ते उरवड्याशी इतके जुळते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल नावाच्या शर्टवेस्ट, म्हणजे बायकांचे झंपर शिवणाऱ्या कारखान्यात आग लागली. १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली होत्या, परदेशातून पोटासाठी आलेल्या. एक दार कुलूपबंद होते. लोकांचा क्षोभ एवढा झाला की राज्याने चौकशी आयोग नेमला. पण त्या आयोगाने एका कारखान्याची चौकशी करून फाइल बंद केली नाही. त्याने राज्यभर शेकडो कारखाने आतून पाहिले आणि पुढच्या काही वर्षांत दारे, जिने, कामाचे तास, तपासनिसांची संख्या यांबद्दल कायदे झाले. ती आग डोळ्यांनी पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या एक बाई होत्या. त्या त्या आयोगाच्या कामात होत्या आणि पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. आपल्याकडे चौकशी होते ती जळालेल्या शेडची. तिच्या शेजारच्या शेडचे दार आत उघडते की बाहेर, हे त्याच आठवड्यात पाहायला हवे असते.

आपले आपल्यातच

आता जे लिहितो ते काहींना रुचणार नाही. स्थानिकांना प्राधान्य द्या ही आपली मागणी रास्त आहे. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकाच्या जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत, असे राज्याचे धोरण आहे, त्यावर १७ नोव्हेंबर २००८ चा शासन निर्णय आहे. पण आपल्या गावांत या मागणीचा शेवट पुष्कळदा कुठे होतो? मुलांना कायम नोकरी मिळण्याऐवजी गावातल्या दोघा-तिघांना लेबर काँट्रॅक्ट मिळते. मग माणसे पुरवणारा आपलाच, पगारातून कापणारा आपलाच, आणि पीएफ न भरणाराही आपलाच. भावकीतला आहे म्हणून कुणी बोलत नाही. ५० किंवा अधिक माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो. त्याहून कमी असली तरी किमान वेतन चुकत नाही. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा असतो. हे कामगाराला माहीत नसते आणि ठेकेदाराला नक्की माहीत असते.

याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून दाखवला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून तो आला. हमालाची मजुरी मंडळात जमा, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ, मध्ये मुकादम नाही. ज्याला धनीच नव्हता त्याला नोंद मिळाली. आज त्या नावाखाली गेटवर गाड्या अडवून पैसे मागणारे वेगळे. खऱ्या माथाडीचा त्यात काही दोष नाही, पण बदनामी त्याची होते.

ज्या शेतकऱ्यांनी रस्त्याकडेच्या जमिनीत शेड बांधून भाड्याने दिली आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. भाडे चांगले येते, भातापेक्षा कितीतरी जास्त, त्यात वाईट काही नाही. परंतु एकाच आवारात वेगवेगळ्या कारखान्यांना गाळे दिले असतील तर रस्ते, निचरा, आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा यांची काही जबाबदारी कायद्याने जागामालकावर येते. करार करताना कशाचे उत्पादन, परवाना कुणाच्या नावाने, अग्निशमनाची व्यवस्था काय, हे लिहून घ्यावे. दुसरे दार ठेवल्याशिवाय शेड बांधूच नये. आपण गोठ्यालासुद्धा दोन वाटा ठेवतो.

आपण स्वतःही कधी मालक असतो, हे विसरू नये. ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्राने शेती करताना मजुराला इजा झाली तर भरपाईचा कायदा शेतकऱ्यालाही लागतो. मळणी यंत्रावर माणूस लावताना याची जाणीव ठेवावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाखांची तरतूद आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. ती शेतकरी कुटुंबासाठी आहे, मजुरासाठी नाही.

बांधकामावर जाणाऱ्या गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी यांची नोंद बांधकाम कामगार मंडळात होते. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ग्रामसेवकही देऊ शकतात. इथे ग्रामसेवकांची कोंडी होते हे मला ठाऊक आहे. भांड्यांचा संच मिळतो म्हणून ज्याने कधी थापी धरली नाही तोही दाखला मागतो, आणि नाही म्हटले की गावात वैर. पण त्या भीतीने खऱ्या गवंड्याचाही दाखला अडवून ठेवू नये. तो ज्या कामावर होता तिथल्या मालकाचे नाव, जागा, तारखा विचारल्या तर खरेखोटे पाच मिनिटांत कळते.

आणि जे या कुठल्याच वहीत नाहीत, ते आपले कातकरी बांधव. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर कुटुंबच्या कुटुंब जाते. पावसाळ्यात परत येते तेव्हा फिटले किती आणि राहिले किती, हे मुकादमाच्या वहीत. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ न देणे ही वेठबिगारी आहे, १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे आणि असे कर्जच रद्द ठरते. यासाठी पुण्याला जावे लागत नाही. प्रांत आणि तहसीलदार यांनाच त्यात अधिकार आहेत. वाडीवरून कोण केव्हा गेले, कुणाच्या गाडीतून, कुठल्या गावी, याची साधी नोंद पोलीस पाटलांनी किंवा ग्रामपंचायतीने ठेवली तरी शोध घेणे सोपे जाते.

१ मे रोजी ग्रामसभा असते. कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन एकच. नमुना ८ वरून शेडची यादी करणे आणि ती दोन्ही कार्यालयांना पाठवणे, धोकादायक माल असलेल्या कारखान्यांकडून लेखी माहिती मागवणे, असे दोन ठराव त्या दिवशी घेता येतील. विषय सभेच्या नोटिशीत यावा म्हणून ग्रामसेवकांकडे आठ-दहा दिवस आधी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ठरावाच्या नकला पुण्याला पाठवताना रजिस्टर टपालाने पाठवाव्यात. महिनाभरात उत्तर आले नाही तर त्याच ठरावाचा क्रमांक घालून पुन्हा पत्र द्यावे आणि त्याची प्रत तहसीलदारांना जोडावी.